वळणारं नोझल आणि पल्याडचं वावर

वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात भंगार कसं साठतं, हे कोणालाच सांगता येत नाही. मुद्दाम कोणी आणत नाही. एक तुटका फाळ येतो, त्याच्या सोबतीला एक बेअरिंग येतं, आणि एक दिवस दार उघडत नाही म्हणून बघावं तर मागे हा ढीग! किश्शांचंही तसंच आहे. डोणगावच्या रस्त्यावर राजूभाऊचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. संध्याकाळी आम्ही चार जण तिथे बसतो. गेली दोन वर्षं तुम्ही तिथे काय केलं असं कोणी विचारलं, तर खरं उत्तर एका ओळीचं आहे: एका बोटीचं नोझल वळतं केलं. पण ती ओळ सांगायला बसलो की चहा दोनदा मागवावा लागतो.

चार जण म्हणजे कोण, ते आधी सांगतो. पहिला राजूभाऊ. नांगर आणा, ट्रॉली आणा, नाही तर घराचं गेट आणा, त्याचं एकच उत्तर: "दोन टाके मारले का झालं." दुसरे बंडू महाराज. पंचक्रोशीत सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत सगळं तेच सांगतात, पण त्यांचा जीव मशीनमध्ये. पूजा आटोपली की सोवळं पिशवीत आणि महाराज वर्कशॉपात. तिसरे सुभाषराव, शेतकरी, कामापुरतं बोलणारा माणूस. आणि चौथा मी, हायस्कूलचा ड्रॉइंग मास्तर. मला सगळे सर म्हणतात आणि माझं कोणीच ऐकत नाही.

सुभाषरावांचं घर आणि निम्मी शेती धरणाच्या बुडिताच्या, म्हणजे साठलेल्या पाण्याच्या, अलीकडे, आणि तीन एकर पलीकडे. पलीकडचं वावर ओसरीवरून दिसतं. वाऱ्याची दिशा बरी असेल तर तिकडची कोकिळासुद्धा ऐकू येते. पण जायचं म्हटलं की वीसेक किलोमीटरचा फेरा, त्यात शेवटची शेतातली पांदणवाट अशी की पावसाळ्यात चप्पल हातात आणि जीव मुठीत. सुभाषरावांचा गुडघा कामातून गेलेला. मुलगा पुण्याला नोकरीत, तो फोनवर म्हणतो, विकून टाका.

एका संध्याकाळी आपल्या ओसरीवर सुभाषराव आम्हाला म्हणाले, पल्याडचं वावर आता काढून टाकावं म्हणतो. तेवढ्यात त्यांच्या घरच्या, सुनंदावहिनी, चहा घेऊन आल्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि आत गेल्या. नवी नवरी म्हणून आल्या तेव्हा पहिलं निंदण त्यांनी त्याच वावरात केलं होतं. बांधावरची सीताफळं त्यांच्या हातची. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गप्प बसल्या, आणि मला फार वाईट वाटलं.

परत येताना महाराज म्हणाले, "रस्ता काई आपल्या हातात नाही. पाणी हाये. बोट करू." दुसऱ्या दिवशी सुभाषरावांनीही शब्द दिला. बोट मनासारखी जायला-यायला लागली तर वावर ठेवतो, नाही तर विकतो. इथून सगळं सुरू झालं.

* * *

पहिली बोट साध्या पंख्याची होती. पत्र्याची होडी, मागे इंजिन, पाण्यात पंखा. राजूभाऊने ती आठवड्यात उभी केली आणि नारळ फोडून पाण्यात लोटली.

आता आमच्या बुडिताची एक गंमत आहे. त्यात पाण्यापेक्षा बेशरमीची झुडपं जास्त, आणि बेशरमीपेक्षा मच्छीमारांची जाळी जास्त. बोट जेमतेम शंभर हात गेली असेल, पंख्यात जाळं अडकलं आणि इंजिन खोकून बंद पडलं. बोटीत राजूभाऊ आणि महाराज. वल्हं घ्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं. इंजिन असताना वल्हं म्हणजे इंजिनाचा अपमान!

थोड्या वेळाने जाळ्याचा मालक थर्माकोलच्या तराफ्यावर बसून हळूहळू आला. आता हा शिव्या देणार म्हणून दोघं मान खाली घालून बसले. त्याने आधी जाळं पाहिलं, मग बोट पाहिली, मग त्या दोघांना पाहिलं. म्हणाला, "येवढं मोठं आजवर माह्या जाळ्यात काई नाही आलं. पण बाजारात याले घेणार कोन?"

* * *

मग राजूभाऊला मोबाइलवर जेट बोट सापडली. बाहेर पंखाच नाही. बोटीच्या पोटाखालून पाणी आत ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं, की बोट पुढे. जाळं अडकायला जागाच नाही! आम्ही तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की राजूभाऊचा डेटा संपला. सुभाषराव एकदाच पाहून म्हणाले, हा तर आपला फवारणी पंप आहे, फक्त मोठा. त्यांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून मागच्या तोंडाला आम्ही नोझलच म्हणायला लागलो.

भंगारातल्या एका व्हॅनचं इंजिन, पाण्याच्या मोटारीचा इम्पेलर, म्हणजे आतला फिरता पंखा, आणि राजूभाऊचे दोन टाके. प्रत्यक्षात किती टाके, ते त्याची वेल्डिंग रॉडची रिकामी खोकी मोजली तर कळेल. बोट चालली. नुसती चालली नाही, पळाली! फक्त ती सरळ पळाली आणि सरळच पळत राहिली. नोझल पंपाला पक्कं वेल्ड केलं होतं. बोट वळवायची कशी, हा विचार चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

सुभाषरावांनी त्यावर आपला उपाय काढला. गुडघाभर पाण्यात उतरायचं, बैलगाडीचं जू धरून वळवावं तसं हाताने बोटीचं नाक वळवायचं, वावराकडे नेम धरायचा आणि बसून इंजिन चालू करायचं. मध्ये वाऱ्याची झुळूक आली की नेम चुकला. महिनाभर ते स्वतःच्या वावरात कमी आणि शेजारच्याच्या हरभऱ्यात जास्त उतरले. शेजाऱ्याला वाटलं, हे हरभरा खायलाच येतात.

एकदा काठावर उभ्या असलेल्या एकाने त्यांना विचारलं, कुठं निघाले? सुभाषराव इंजिनाची दोरी ओढता ओढता म्हणाले, "पोचलो का सांगतो."

राजूभाऊने वहिनींनाही आग्रह केला, बसा एकदा, मजा येईल. वहिनींनी बोटीकडे नीट पाहिलं. "वळाले लागली का सांगा," एवढंच म्हणाल्या आणि कापूस वेचायला गेल्या.

* * *

तर नोझल वळतं करायचं ठरलं. गोष्ट ऐकायला सोपी आहे. पंपाच्या तोंडापुढे शंकूच्या आकाराचं एक नळकांडं, दोन पिनांवर टांगलेलं. दार बिजागरीवर फिरतं तसं ते डावीकडे-उजवीकडे फिरलं की पाण्याची धार फिरते आणि बोट वळते. प्रश्न एकच, शंकू आणायचा कुठून?

महाराज म्हणाले, देवळाचा जुना भोंगा कोठीत पडून आहे. आकार अगदी हवा तसा! भोंग्याचं रुंद तोंड पंपाकडे, अरुंद तोंड मागे. पिना बसवल्या, बोट पाण्यात नेली, राजूभाऊने इंजिन चालू केलं. घटकाभर काय सुंदर धार निघाली म्हणता! मग 'टण्ण' असा आवाज आला आणि भोंगा पिनांसकट उडाला, उन्हात एकदा चमकला आणि लांब पाण्यात जाऊन बुडाला.

महाराज त्या जागेकडे बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, "देवळावर होता तवा इतक्या दूरवर कधी गेला नाही."

* * *

भोंगा गेल्यावर जाड पत्र्याचा शंकू स्वतःच करायचा ठरला. इथे माझं काम आलं. पत्रा गोल वळवल्यावर शंकू व्हावा म्हणून तो आधी कसा कापायचा, त्याचा नमुना काढायचा. नमुन्याला कागद जाड हवा. आणि राजूभाऊच्या वर्कशॉपात सगळे नमुने लग्नपत्रिकांचेच असतात! गेटचं नक्षीकाम असो की ट्रॉलीचा कोपरा, आधी पत्रिकेवर काढतो, कापतो, मग पत्र्यावर ठेवून खडू फिरवतो. त्याच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेले गणपती आणि 'शुभविवाह' यांचे तुकडे तुम्हाला आजही दिसतील.

त्या आठवड्यात जळगाव जामोदहून त्याचा आतेभाऊ मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन स्वतः आला होता. काय पत्रिका होती! पुठ्ठ्यासारखी जाड, वर मखमल. मी शंकू आखला, राजूभाऊने कापला, पिनांसाठी दोन भोकं पाडली. नमुना गुंडाळून पाहिला तर असा बसला की महाराजांनी त्याला नमस्कार केला.

पुढे लग्नाचे दिवस जवळ आले. राजूभाऊला तारीख आठवेना. पत्रिका पाहावी तर नेमकी तारीख होती तिथे पिनेचं भोक. आतेभाऊ घरी येऊन अक्षता देऊन गेलेला, आता फोन करून कोणत्या तोंडाने विचारायचं? राजूभाऊने अंदाज बांधला, बायकोला नवी साडी नेसवली, आहेर घेतला आणि एसटीने जळगाव जामोद गाठलं. पोचला तेव्हा मांडववाला कनाती उतरवत होता. आतेभाऊ लेकीला सासरी पोचवून परत येऊन झोपला होता!

वर्षभर आतेभाऊ बोलत नव्हता. आता बोलतो. पण राजूभाऊने त्यातून धडा घेतला आहे. हल्ली पत्रिका कितीही जाड असली तरी तो आधी जेवून येतो, मग कापतो.

* * *

नोझल फिरायला लागलं. आता ते बोटीत बसून फिरवायचं कसं? स्टिअरिंग बसवता आलं असतं, पण सुभाषरावांचा जन्म बैलांच्या कासऱ्यावर गेला. म्हणून दोन दोर लावायचे. डावा ओढला की बोट डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. इथपर्यंत एकमत होतं.

मग महाराजांनी विज्ञान काढलं. पाणी उजवीकडे फेकलं की बोट डावीकडे ढकलली जाते, म्हणजे डावा दोर ओढल्यावर नोझल उजवीकडे फिरलं पाहिजे, म्हणून दोर एकमेकांवरून उलटे नेऊन बांधा. मी लगेच जमिनीवर खडूने बाण काढले. बाण इतके छान आले की कोणाला शंकाच आली नाही. राजूभाऊने दोर उलटे बांधले.

सुभाषराव बोटीत बसले, डावा दोर ओढला, आणि डावा दोर ओढत ओढत उजवीकडच्या बेशरमीत शिरले. नोझल बोटीच्या शेपटीला असतं. शेपूट डावीकडे ढकलली गेली की नाक उजवीकडे जाणार, हे आमच्या बाणांमध्ये कुठे दाखवलंच नव्हतं.

सुभाषराव डोक्यावर पानं घेऊन बाहेर आले. रागावले नाहीत. "सर, माह्ये बैल त शाळेत नाही गेले," ते म्हणाले. "तरी डावा कासरा वढला का डावीकडंच जातात."

दोर सुलटे झाले. पण मधल्या दिवसांत राजूभाऊने उलट्या दोरांवर भरपूर प्रॅक्टिस केली होती आणि त्याचा हात त्यावर बसला होता. तो अजूनही बोटीत बसला की हाताची घडी घालतो आणि डाव्या हातात उजवा, उजव्या हातात डावा दोर धरतो. नवखा माणूस म्हणतो, ह्यांना थंडी वाजते वाटतं!

* * *

डावं-उजवं जमल्यावर माणसाने थांबायला पाहिजे की नाही? पण राजूभाऊच्या मनात आलं की नोझल वर-खालीही झुकलं पाहिजे. त्याचं कारण बरोबर होतं. नोझल जरा वर झुकवलं की बोटीची शेपूट दबते, नाक उचलतं, आणि काठाच्या चिखलावर बोट अलगद चढते. सुभाषरावांना पाण्यात उतरावं लागणार नव्हतं, गुडघा वाचला असता. म्हणून पिनांच्या बाहेर आणखी एक कडं, त्याला आडव्या पिना, आणि बोटीत एक दांडा. दांडा मागे ओढला की नोझल वर.

ट्रायल उन्हाळ्यात झाली. पाणी बरंच मागे हटलेलं, आणि सुनंदावहिनींनी काठाच्या मोकळ्या जागेवर बाजा टाकून त्यांवर कुरडया वाळत घातलेल्या. राजूभाऊने बोट काठाला दोराने बांधूनच इंजिन चालू केलं आणि दांडा ओढला. किती ओढायचा, याचा अंदाज पहिल्याच दिवशी कोणाला असतो? नोझलने जे आकाशाकडे तोंड केलं, ती धार नारळाच्या झाडाएवढी उंच गेली आणि वाऱ्याने बरोबर बाजांवर आणून टाकली. वर्षाच्या कुरडया, तीन मिनिटांत परत चीक!

वहिनी आल्या, बाजांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा तिघांना घरी बोलावणं आलं, चौथे तिथेच होते. गव्हाचा चीक शिजून तयार होता आणि सोऱ्या धुऊन ठेवलेला. महाराज घाटत होते, मी भरत होतो, सुभाषराव बाजा हलवत होते आणि राजूभाऊ सोऱ्या फिरवत होता. गरम चिकाने त्याच्या हाताला चटके बसत होते आणि कुरडई काही केल्या गोल येत नव्हती.

वहिनी शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. म्हणाल्या, "हे बी नोझलच हाये ना भाऊ? मंग काऊन जमून नाही राह्यलं?"

* * *

जेट बोटीचा एक स्वभाव आहे, तो आम्हाला बऱ्याच उशिरा कळला. पाण्याची धार आहे तोवरच ती वळते. गॅस, म्हणजे इंजिनाचा अ‍ॅक्सिलरेटर, सोडला की धार बंद, आणि धार बंद झाली की दोर कितीही ओढा, बोट आपली सरळ. आता समोर खडक दिसला की माणूस काय करतो? घाबरतो आणि गॅस सोडतो. म्हणजे ज्या क्षणी वळायला पाहिजे, त्याच क्षणी वळणं बंद!

राजूभाऊ असा दोनदा काठावर चढला. महाराज एकदा पाण्याच्या मोटारीच्या खोपटात जवळजवळ नाक घालून आले. मी एकदाच बसलो होतो, त्याबद्दल विचारू नका. शेवटी महाराजांनी सूत्र सांगितलं आणि मी ऑइलपेंटने बोटीच्या आतल्या बाजूला, बसणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहितो तशा अक्षरात लिहिलं: 'घाबरल्यास गॅस द्यावा.'

येणारा-जाणारा वाचून हसायचा. वहिनी एकदा जेवणाचा डबा द्यायला आल्या, तेव्हा त्यांनीही वाचलं. हसल्या नाहीत. मला विचारलं, "सर, हे बोटीपुरतंच हाये का?"

मी म्हटलं, हो, बोटीपुरतंच. मास्तर माणूस, दुसरं काय सांगणार!

* * *

आणि मग, मागच्या हिवाळ्यात, नोझल खरंच जमलं. सुभाषरावांचा हात बसला, दोर सैल राहिनात, दांडा बोटभर ओढला की बोट चिखलावर अलगद चढायला लागली. पलीकडची तूर पहिल्यांदाच वीस किलोमीटरचा फेरा न घालता पाण्यावरून आली. आम्ही पोती उतरवत होतो. वहिनींनी एका पोत्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्या दिवशी मला वाटलं, संपलं, वावर वाचलं. राजूभाऊने जिलेबी आणली.

पण बोटीत वहिनी तेव्हाही बसल्या नाहीत. वळायला लागली, आता तरी बसा म्हटलं, तर नुसत्या मान हलवायच्या. पलीकडे जायचं झालं की ट्रॉलीतून लांबच्या रस्त्याने जायच्या, पदर नाकाला लावून. आम्ही आपलं ठरवून टाकलं, की बाई पाण्याला भिते.

आता पुढची गंमत पाहा. वावर विकू नये म्हणून आम्ही बोट केली, आणि बोटीमुळेच वावराला गिऱ्हाईक आलं!

चिखलीकडचे एक गृहस्थ होते. आदल्या वर्षी ते वावर पाहायला येऊन गेले होते, तेव्हा पांदण अर्धी चालून माघारी फिरले होते. म्हणाले होते, फुकट दिलं तरी इथे येणार कोण? आता त्यांच्या कानावर गेलं की सुभाषराव पाच मिनिटांत पलीकडे जातात. ते परत आले. पांढरे कपडे, काळा गॉगल, पायात पांढरे बूट. ओसरीवर बसून त्यांनी वावराचा जो भाव सांगितला, तो सुभाषरावांनी परत एकदा सांगायला लावला. मुलाचा पुण्याहून फोन आला, बाबा, आता नका थांबू.

सुभाषरावांचं मन डगमगत होतं, हे दिसत होतं. शब्द दिलेला होता खरा, पण शब्दाने गुडघा बरा होत नाही. मला त्यांचा रागही येईना. महाराज जमिनीकडे पाहत होते. राजूभाऊ उगाच खिशातला पाना काढून परत ठेवत होता. आपण केलेल्या कामाचं असं होईल हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं, आणि आता तोंड उघडायला आम्हाला जागा नव्हती. वावर त्यांचं, घर त्यांचं.

पाहुणे म्हणाले, एकदा बोटीतून जाऊन पाहून येऊ, मग बोलणं पक्कं करू. सुभाषराव भिंतीला धरून उठायला लागले. त्या दिवशी गुडघा सुजलेला होता. राजूभाऊ पुढे झाला, पण त्याची हाताची घडी आठवून मीच त्याला मागे ओढलं.

एवढ्यात आतून वहिनी आल्या. पदर कमरेला खोचलेला. "चाला, मी नेतो," पाहुण्यांना म्हणाल्या.

आम्ही सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो. सुभाषराव म्हणाले, "अवं, तुले जमन का?" वहिनी तोवर निघाल्याही. काठावर गेल्या, चपला काढून हातात घेतल्या, बोटीत बसल्या, दोरी ओढून एका झटक्यात इंजिन चालू केलं. पाहुणे बूट सांभाळत पुढे बसले. वहिनींनी दोन्ही दोर हातात घेतले आणि बोट निघाली.

मी दोन वर्षं त्या बोटीच्या मागे होतो, पण बोट तशी जाताना मी कधी पाहिली नव्हती. मध्ये एक जाळं होतं, त्याला वळसा. पुढे बुडालेल्या बाभळीचा शेंडा, त्यालाही वळसा. गॅस कुठे कमी नाही, दोर कुठे ओढाताण नाही. पलीकडे पोचताना नोझल इतकंसं वर झालं, नाक उचललं, आणि बोट वावराच्या बांधाखाली जाऊन टेकली. यांना कोणी शिकवलं, हे विचारायला कोणाकडे पाहावं तर चौघांचीही तोंडं उघडी. आम्ही वर्कशॉपात असताना बोट काठावर वहिनींच्याच ताब्यात असायची, हे तेव्हा कुठे लक्षात आलं.

पलीकडे दोघं उतरले. वहिनी हात करून काही दाखवत होत्या, पाहुणे मान हलवत बांधाबांधाने फिरत होते. सीताफळाच्या झाडांपर्यंत गेले, पुढे विहिरीकडे गेले, मग आम्हाला दिसेनासे झाले. सुभाषरावांनी तंबाखू मळली आणि तोंडात न टाकताच हातात धरून ठेवली. "गेलं वावर," असं ते अगदी हळू म्हणाले. कोणाला म्हणाले, कोणास ठाऊक.

थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज आला. बोट परत येत होती. आली तीही तशीच, जाळ्याला वळसा घालून, बाभळीला वळसा घालून. जवळ आली तेव्हा दिसलं, बोटीत एकट्या वहिनी होत्या.

बोट काठाला लागली. वहिनी उतरल्या, चपला पायात घातल्या, बोटीचा दोर खुंटीला बांधायला लागल्या. सुभाषराव लंगडत पुढे झाले. "पाव्हणे कुठं हायेत?"

वहिनींनी गाठ आवळली, ओढून पाहिली.

"तिकडंच हायेत," त्या म्हणाल्या. "त्याईले म्हटलं, बोट काई आमाले इकायची नाही. तवा वावर घेणार असान त आता रस्त्यानंच जा, रस्ता बी पाहून घ्या."